विश्लेषण : आयसीयूतील रुग्णाची संसर्ग चाचणी एकदाच करून का भागत नाही?

करोनाच्या दुसऱ्या लाटेत आयसीयूतील खाट मिळाली की नातेवाईकांना निम्मी लढाई जिंकल्यासारखे वाटे. प्रवेशावेळी आरटी-पीसीआर झाली, अहवाल फाइलला लागला, चाचणीचा विषय तिथेच संपला, असाच बहुतेकांचा समज होता. प्रत्यक्षात अतिदक्षता विभागात संसर्ग दोन दिशांनी फिरतो. रुग्ण बाहेरून विषाणू घेऊन येतो आणि इतरांना देतो. त्याच वेळी आयसीयूतील नळ्या, यंत्रे आणि हात त्याला नवा जीवाणू किंवा बुरशी देऊ शकतात. पहिल्या दिशेवर सगळ्या देशाचे लक्ष होते. दुसरीकडे दुर्लक्ष झाले आणि तिथे माणसे गेली. पुढची महासाथ येण्याआधी हा हिशेब समजून घेणे गरजेचे आहे.

२०२० मध्ये गंभीर रुग्णांच्या चाचण्यांनी काय दाखवले?

मार्च २०२० च्या सुरुवातीला देशात चाचणी प्रामुख्याने परदेशातून आलेल्यांची आणि त्यांच्या संपर्कातील लोकांची होत असे. २० मार्चला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) धोरण बदलले. ताप आणि खोकला किंवा धाप असलेल्या, रुग्णालयात दाखल झालेल्या प्रत्येक गंभीर श्वसनविकाराच्या रुग्णाची चाचणी करण्यास सांगण्यात आले. वैद्यकीय भाषेत अशा रुग्णांना ‘सारी’चे रुग्ण म्हणतात.

१५ फेब्रुवारी ते २ एप्रिल २०२० या काळात अशा ५,९११ रुग्णांची तपासणी झाली. त्यांत १०४ जण, म्हणजे १.८ टक्के, बाधित निघाले. महाराष्ट्रातील ५५३ रुग्णांपैकी २१ बाधित होते. आकडे लहान दिसतात, पण त्यातली खरी बातमी वेगळी होती. बाधितांपैकी सुमारे ३९ टक्के रुग्णांच्या बाबतीत परदेश प्रवास किंवा बाधिताशी संपर्क, यापैकी कशाचीही नोंद नव्हती. म्हणजे विषाणू समाजात पसरू लागल्याचा इशारा विमानतळावरच्या तपासणीने नव्हे, तर रुग्णालयाच्या खाटेवरील गंभीर रुग्णांच्या तपासणीने दिला. गंभीर रुग्णांची पद्धतशीर चाचणी हा साथीचा सगळ्यात विश्वासार्ह इशारा ठरू शकतो, हा त्यातला पहिला धडा.

अहवाल निगेटिव्ह, तरी फुप्फुसात संसर्ग कसा?

निगेटिव्ह अहवालाचा अर्थ ‘या नमुन्यात विषाणू सापडला नाही’ एवढाच असतो. नमुना कुठून घेतला आणि आजाराच्या कितव्या दिवशी घेतला, यावर बरेच अवलंबून असते. सुरुवातीच्या दिवसांत विषाणू नाक आणि घशात मुबलक असतो. आजार गंभीर होईपर्यंत तो अनेकदा खाली फुप्फुसात उतरलेला असतो. घशातला स्वॅब तेव्हा हाती काहीच लागू देत नाही.

चीनमधील तीन रुग्णालयांतील २०५ रुग्णांचा अभ्यास मार्च २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. हे सगळे रुग्ण बाधित असल्याचे निश्चित झाले होते. तरीही घशातील नमुन्यांपैकी केवळ ३२ टक्के पॉझिटिव्ह आले. नाकातील नमुन्यांत हे प्रमाण ६३ टक्के, थुंकीत ७२ टक्के आणि दुर्बिणीद्वारे फुप्फुसातून घेतलेल्या द्रवात ९३ टक्के होते. नाकातील नमुने अवघे आठ असल्याने तो आकडा बेताने घ्यावा लागेल. मात्र जितके खोल जावे तितका विषाणू सापडण्याची शक्यता वाढते, हे सूत्र स्पष्ट दिसते.

म्हणूनच गंभीर रुग्णाचा घशातील नमुना निगेटिव्ह आला आणि संशय कायम असेल, तर खोलवरचा स्राव तपासावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस होती. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी असतेच. तिच्यातून हा स्राव घेता येतो. मात्र तो घेताना हवेत सूक्ष्म तुषार उडतात आणि नमुना घेणाऱ्याला धोका असतो. त्यामुळे बंद पद्धतीची सक्शन नळी आणि प्रशिक्षित हात, दोन्ही लागतात.

उलट प्रकारही घडला. रुग्ण बरा होत आला तरी आरटी-पीसीआर कित्येक दिवस पॉझिटिव्ह येत राहिली, कारण ही चाचणी मृत विषाणूचे तुकडेही पकडते. मे २०२० च्या धोरणानुसार गंभीर रुग्णाला घरी सोडण्याआधी निगेटिव्ह अहवाल आवश्यक होता. दुसऱ्या लाटेत खाटांसाठी रांगा लागल्यावर, ४ मे २०२१ रोजी आयसीएमआरने एकदा पॉझिटिव्ह आलेल्याची आरटी-पीसीआर पुन्हा करू नये आणि बरे झालेल्यांना सोडताना चाचणी नको, असे स्पष्ट केले. चाचणीचा नियम कालबाह्य झाला तर तो खाट अडवतो, असा याचा सरळ अर्थ.

मग येणाऱ्या प्रत्येकाची सरसकट चाचणी का करू नये?

यासाठी साधे गणित पाहू. समजा, चाचणी १०० बाधितांपैकी ७० जणांना पकडते आणि निरोगी १०० पैकी एकाला चुकून बाधित ठरवते.

लाट शिखरावर आहे. आयसीयूत श्वसनाच्या तक्रारीचे १०० रुग्ण आले, त्यातले ५० खरोखर बाधित आहेत. चाचणी ३५ जणांना पकडेल आणि १५ जणांना सोडेल. निगेटिव्ह आलेले साधारण ६५ जण नॉन-कोविड आयसीयूत जातील आणि त्यांच्यात हे १५ बाधित असतील. जवळपास दर चौघांत एक.

आता लाट ओसरली आहे. अपघात, हृदयविकार, पक्षाघाताचे १,००० रुग्ण आले, त्यातले केवळ १० बाधित आहेत. चाचणी त्यातले सात पकडेल. उरलेल्या ९९० जणांतल्या सुमारे १० जणांना मात्र चुकून बाधित ठरवेल. पॉझिटिव्ह आलेल्या १७ जणांतले १० जण बाधित नाहीत. त्यांना कोविड कक्षात हलवले, तर जो आजार नव्हता तो तिथे जडण्याची शक्यता.

यंत्र तेच, रसायन तेच, पण साथीच्या टप्प्यानुसार अहवालाचा अर्थ बदलला. त्यामुळे चाचणीचे धोरण एकदा ठरवून भिंतीवर चिकटवण्यासारखे नसते. परिसरात संसर्ग किती आहे, रुग्णाची लक्षणे काय, एक्स-रे किंवा सीटी स्कॅन काय सांगतो, हे सगळे अहवालाशेजारी ठेवूनच निर्णय घ्यावा लागतो.

दुसरा प्रश्न वेळेचा. हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णासाठी एकेक मिनिट मोलाचे असते आणि आरटी-पीसीआरच्या अहवालाला तास, कधी दिवस लागत. १० जानेवारी २०२२ च्या सूचनेत आयसीएमआरने चाचणीअभावी शस्त्रक्रिया, प्रसूती किंवा कोणताही तातडीचा उपचार लांबवू नये आणि चाचणीची सोय नाही म्हणून रुग्णाला दुसरीकडे पाठवू नये, असे बजावले. ही ओळ दोन वर्षे आधी सगळ्या रुग्णालयांच्या दारावर लागायला हवी होती.

अहवाल येईपर्यंत रुग्ण कुठे ठेवायचा?

आयसीयू व्यवस्थापनातला हा सर्वांत अवघड प्रश्न होता. एप्रिल २०२० मध्ये मुंबई सेंट्रल भागातील एका खासगी रुग्णालयात २६ परिचारिका आणि तीन डॉक्टर बाधित आढळल्यावर संपूर्ण रुग्णालयच प्रतिबंधित क्षेत्र जाहीर करावे लागले. रुग्णालय बंद पडले की त्या भागातील हृदयविकार, डायलिसिस, बाळंतपण असे सगळेच उपचार अडतात. ब्रिटनमध्ये पहिल्या लाटेतील ३१४ रुग्णालयांचा आढावा घेतला, तेव्हा तिथे उपचार घेणाऱ्या करोना रुग्णांपैकी किमान ११ टक्के जणांना संसर्ग रुग्णालयात दाखल झाल्यानंतर झाल्याचे आढळले.

यावरचा उपाय तिसऱ्या कक्षाचा. बाधित, अबाधित आणि या दोहोंच्या मध्ये ‘संशयित’. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ८ मे २०२१ रोजी कोविड रुग्णालयात दाखल करण्यासाठी पॉझिटिव्ह अहवालाची अट काढली आणि संशयितांना स्वतंत्र कक्षात घ्यावे, असे सांगितले. कागदावर हे सोपे आहे. आठ-दहा खाटांच्या, एकाच दालनातल्या, एकाच दाराच्या आयसीयूत तिसरा कक्ष कुठे काढायचा, हा जिल्ह्याच्या ठिकाणचा खरा प्रश्न होता.

इथे झटपट चाचण्यांनी मोठी मदत केली. क्षयरोगासाठी आधीपासून वापरात असलेली सीबीनॅट आणि ट्रूनॅट ही यंत्रे करोनासाठी वापरात आली. यातले ट्रूनॅट गोव्यातील कंपनीने विकसित केलेले. साधारण तासाभरात निकाल देणारे हे यंत्र बॅटरीवर चालते आणि त्याला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. आयसीयूच्या दारात असे एक यंत्र असणे, हे शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेपेक्षा त्या क्षणी जास्त उपयोगाचे ठरते. उशिरा आलेला अचूक अहवाल आयसीयूत अनेकदा निरुपयोगी असतो.

आयसीयूतच संसर्ग झाला तर?

आता दुसरी दिशा. आयसीएमआरने १० रुग्णालयांत जून ते ऑगस्ट २०२० दरम्यान दाखल झालेल्या १७,५३४ करोना रुग्णांचा अभ्यास केला. त्यातल्या ३.६ टक्के रुग्णांना उपचारांदरम्यान जीवाणू किंवा बुरशीचा दुसरा संसर्ग झाला. एकूण रुग्णांत मृत्यूचे प्रमाण १०.६ टक्के होते. दुसरा संसर्ग झालेल्यांत ते ५६.७ टक्के होते. निम्म्याहून अधिक.

अर्थात मुळात जास्त आजारी असलेल्यांनाच दुसरा संसर्ग होण्याचा धोका अधिक असतो. त्यामुळे हे सगळे मृत्यू त्या जीवाणूच्या खाती टाकता येणार नाहीत. तरीही कोणते जीवाणू सापडले ते पाहण्यासारखे आहे. सर्वाधिक आढळले क्लेब्सिएला न्युमोनी आणि त्याखालोखाल ॲसिनेटोबॅक्टर बाउमनी. दोन्ही रुग्णालयांत मुक्काम ठोकणारे आणि अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारे. करोनातून सावरू लागलेला रुग्ण अचानक बिघडला, असे अनेक घरांनी ऐकले. त्यातल्या काहींच्या बाबतीत कारण हे होते.

असे का झाले? गंभीर रुग्णाला श्वासनलिकेत, मानेच्या शिरेत आणि मूत्रमार्गात नळ्या असतात. प्रत्येक नळी म्हणजे जंतूंना थेट आत जाण्याचा रस्ता. त्यात स्टेरॉइडची भर पडली. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत डेक्सामेथासोनमुळे व्हेंटिलेटरवरील रुग्णांतील २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले. औषध जीव वाचवणारेच होते. पण ते प्रतिकारशक्ती दाबते आणि साखर वाढवते. गरज नसताना, जास्त मात्रेत, जास्त दिवस दिले गेले तिथे बुरशीला मैदान मिळाले. देशातील १६ केंद्रांच्या एका पाहणीत २०२० च्या अखेरच्या चार महिन्यांत रुग्णालयातील करोना रुग्णांमध्ये म्युकरमायकोसिसचे प्रमाण ०.२७ टक्के होते, तर आयसीयूतील रुग्णांत १.६ टक्के. त्यानंतर काही महिन्यांतच महाराष्ट्राने काळ्या बुरशीचे भयंकर रूप पाहिले. डोळे आणि जबडे गमावलेले रुग्ण आजही गावागावांत आहेत.

पीपीई किट घालूनही बुरशी कशी पसरली?

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातील एका रुग्णालयाचे उदाहरण बोलके आहे. जुलै २०२० मध्ये तिथल्या कोविड विभागातील चार रुग्णांत ‘कॅन्डिडा ऑरिस’ ही औषधांना न जुमानणारी बुरशी सापडली. ती पहिल्यांदा २००९ मध्ये जपानमधील एका महिलेच्या कानात आढळल्याची नोंद आहे, म्हणून नाव ऑरिस, म्हणजे लॅटिनमध्ये कान. चार रुग्ण सापडल्यावर विभागातील ६७ जणांच्या त्वचेचे नमुने तपासले. ३५ जणांच्या अंगावर बुरशी होती. बहुतेकांना कसलेही लक्षण नव्हते.

तपासात कारण निघाले ते चक्रावणारे. कर्मचारी हातमोजे आणि गाऊनचे थरावर थर घालत होते. स्वतःचे रक्षण होत होते, पण दोन रुग्णांमध्ये सगळे थर बदलले जात नव्हते आणि हात धुणे मागे पडले होते. एका खाटेकडून दुसऱ्या खाटेकडे ढकलले जाणारे संगणक आणि उपकरणेही दर वेळी निर्जंतुक होत नव्हती. विषाणूपासून वाचवणारे कवच बुरशीचे वाहन झाले.

आपल्याकडेही वेगळे नव्हते. एप्रिल ते जुलै २०२० दरम्यान दिल्लीतील एका आयसीयूत ५९६ करोना रुग्णांपैकी १५ जणांच्या रक्तात कॅन्डिडा बुरशी आढळली. त्यातल्या १० जणांत ती ऑरिस होती आणि दहापैकी सहा जण दगावले. हे रुग्ण २० ते ६० दिवस आयसीयूत होते. जितका मुक्काम लांब, तितका धोका मोठा. म्हणूनच पहिल्या दिवशीचा अहवाल विसाव्या दिवशी काहीही सांगत नाही.

अंदाजाने प्रतिजैविके देणे हा मार्ग नाही का?

बहुतेक ठिकाणी तोच मार्ग निवडला गेला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये जगभरातील आकडेवारी मांडली. रुग्णालयात दाखल झालेल्या करोना रुग्णांपैकी केवळ आठ टक्क्यांना प्रतिजैविकांची गरज असलेला जीवाणूसंसर्ग होता. प्रतिजैविके मात्र सुमारे ७५ टक्के रुग्णांना दिली गेली.

यात डॉक्टरांना दोष देणे सोपे आहे, पण अर्धवट आहे. रक्ताच्या किंवा स्रावाच्या कल्चरचा पूर्ण अहवाल यायला साधारण दोन ते तीन दिवस लागतात. रात्री दोन वाजता रुग्णाचा रक्तदाब कोसळत असेल, तर डॉक्टर थांबू शकत नाही. अशा वेळी औषध सुरू करणे योग्यच. चूक पुढे होते. औषधाआधी कल्चरसाठी रक्त घेतलेले नसते, किंवा अहवाल आल्यावर औषध बदलले किंवा थांबवले जात नाही. परिणामी औषधांना न जुमानणारे जीवाणूच आयसीयूत उरतात आणि पुढच्या रुग्णाची वाट पाहतात.

मग आयसीयूत स्क्रीनिंग म्हणजे नेमके काय हवे?

तीन गोष्टी. पहिली, प्रवेशावेळी महासाथीच्या विषाणूची झटपट चाचणी, पण उपचार न थांबवता. दुसरी, दुसऱ्या रुग्णालयातून आलेल्या किंवा दीर्घकाळ दाखल असलेल्या रुग्णाच्या अंगावर औषधरोधक जंतू आहेत का, याची ठरावीक दिवसांनी तपासणी. ऑरिससाठी काख आणि जांघेचा स्वॅब पुरतो. औषधरोधक आतड्यांतील जीवाणूंसाठी गुदद्वाराचा स्वॅब घेतात. तिसरी, ताप किंवा ऑक्सिजनची गरज पुन्हा वाढताच रक्त आणि स्रावाचे कल्चर.

इथे एक फरक ध्यानात ठेवावा लागतो. अंगावर जंतू असणे आणि जंतूमुळे आजार होणे या वेगळ्या गोष्टी आहेत. स्क्रीनिंगमध्ये जंतू सापडला म्हणून लगेच औषध द्यायचे नसते. त्या रुग्णाची खाट वेगळी करायची, त्याची उपकरणे वेगळी ठेवायची आणि हातांच्या स्वच्छतेवर काटेकोर लक्ष द्यायचे. हा फरक पाळला नाही तर स्क्रीनिंगच प्रतिजैविकांच्या अतिवापराचे नवे कारण ठरेल.

महाराष्ट्राने आता काय करायला हवे?

प्रधानमंत्री आयुष्मान भारत आरोग्य पायाभूत सुविधा अभियानाची सुरुवात ऑक्टोबर २०२१ मध्ये झाली. त्यात देशातील ६०२ जिल्ह्यांत अतिदक्षता विभागांच्या स्वतंत्र इमारती आणि ७३० जिल्ह्यांत एकात्मिक सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा प्रस्तावित आहेत. दोन्ही गोष्टी स्वागतार्ह आहेत. पण त्या एकमेकींशी जोडल्या तरच उपयोग. आयसीयूतून संध्याकाळी निघालेला नमुना सकाळपर्यंत तसाच पडून राहणार असेल, तर नव्या इमारतीने रुग्णाचे नशीब बदलत नाही.

त्यामुळे नव्या आयसीयूचे उद्घाटन करताना खाटा आणि व्हेंटिलेटर मोजण्याबरोबर आणखी चार गोष्टी मोजायला हव्यात. चोवीस तास चालणारी कल्चरची सोय, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, संसर्ग नियंत्रणाची स्वतंत्र जबाबदारी असलेली परिचारिका आणि गरज पडल्यास संशयितांसाठी वेगळे करता येईल असे दालन. एका परिचारिकेकडे चार-पाच व्हेंटिलेटरवरचे रुग्ण असतील, तर दोन खाटांच्या मध्ये हात धुण्याची अपेक्षा ठेवणे ही फसवणूक आहे. मनुष्यबळ हा संसर्ग नियंत्रणाचाच भाग आहे.

खर्चाचा प्रश्न उरतो. राज्य सरकारने आरटी-पीसीआरचा दर २०२० मधील ४,५०० रुपयांवरून टप्प्याटप्प्याने खाली आणत मार्च २०२१ अखेर ५०० रुपयांपर्यंत आणला. म्हणजे सरकारने ठरवले तर दर खाली येतात. आयसीयूतील स्क्रीनिंगचा खर्च रुग्णाच्या बिलात वेगळी ओळ म्हणून दाखवला, तर गरीब कुटुंब पहिल्यांदा तीच चाचणी नाकारेल. तो आयसीयूच्या दैनंदिन दरात आणि सरकारी विमा योजनांच्या पॅकेजमध्येच धरला पाहिजे. एकाची तपासणी शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला वाचवते, मग तिचा भार एकट्यावर का?

रुग्णालयजन्य संसर्गाचे आकडे जाहीर करण्याबाबतही संकोच सोडायला हवा. एम्स आणि आयसीएमआर यांच्या पुढाकाराने अशा संसर्गांच्या नोंदी ठेवणारे रुग्णालयांचे जाळे देशात आहे. जिल्हा रुग्णालये आणि मोठी खासगी रुग्णालये त्यात आली, तर कुठे काय बिघडते आहे ते वेळेत कळेल. आकडे जाहीर करणाऱ्या रुग्णालयाची बदनामी होणार असेल, तर कोणीच तपासणार नाही. न तपासणाऱ्या रुग्णालयाचा आकडा नेहमीच शून्य असतो.

नातेवाईकांनी काय विचारावे?

आपला माणूस आयसीयूत असेल तर चार प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. प्रतिजैविक सुरू करण्याआधी कल्चरसाठी नमुना घेतला का? त्याचा अहवाल कधी येणार आणि आल्यावर औषधाचा फेरविचार होणार का? कोणती नळी किती दिवसांपासून आहे आणि तिची अजून गरज आहे का? भेटायला आत जाताना आणि बाहेर येताना हात कुठे धुवायचे?

हे प्रश्न डॉक्टरांवर अविश्वास दाखवत नाहीत. दमलेल्या यंत्रणेला ते वेळेवर आठवण करून देतात. महासाथीत ऑक्सिजन, खाटा आणि इंजेक्शनसाठी महाराष्ट्र रांगेत उभा राहिला. त्या रांगेतून आत पोहोचलेल्या रुग्णाला आतच नवा संसर्ग होऊ नये, एवढी तयारी तरी पुढच्या वेळी असायला हवी. ती तयारी साथ आल्यावर नव्हे, आयसीयू शांत असतानाच करावी लागते.